क्रोशाचे छोटे फुलपाखरू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे फुलपाखरू नेमके कशासाठी विणायचे?

लावण्यासाठी. ब्लाऊजच्या दोरीच्या टोकाला, बाळाच्या टोपड्यावर, ताटावर झाकायच्या रुमालाच्या कोपऱ्यात, तोरणाच्या दोन पानांच्या मध्ये, राखीवर किंवा रुखवतातल्या एखाद्या वस्तूवर हे फुलपाखरू बसते आणि त्या वस्तूला उठाव देते. मुख्य वस्तू आणि तिची शोभा वेगवेगळी विणून नंतर एकत्र आणण्याची पद्धत क्रोशात जुनी आहे. आयर्लंडमध्ये १८४०च्या दशकातील भीषण दुष्काळात तेथील स्त्रियांनी क्रोशाच्या लेसवर संसार तगवले, तेव्हा त्या गुलाब, पाने आणि वेली सुट्या विणून मग बारीक जाळीने एकमेकांना जोडत असत. सुटा नमुना चुकला तर तेवढाच उसवता येतो, सगळे काम वाया जात नाही, हा त्यातला मोठा सोयीचा भाग आहे.

दोरा कोणता घ्यावा आणि सुई कोणत्या मापाची?

वस्तू कोणती आहे त्यावर हे ठरते. ब्लाऊज, रुमाल, राखी अशा नाजूक कामासाठी २० नंबरचा सुती क्रोशा दोरा आणि १.२५ मिलिमीटरची पोलादी सुई घ्यावी. खाली दिलेल्या कृतीने फुलपाखरू साधारण अडीच ते तीन सेंटीमीटर रुंद होते. सुती दोऱ्याचा नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक असतो, हे नव्याने शिकणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही आणि ४० नंबरचा दोरा ‘जाड असेल’ म्हणून घरी आणला जातो. पहिल्यांदाच विणत असाल तर १० नंबरचा दोरा आणि १.७५ची सुई घ्यावी, कारण त्यात टाके डोळ्यांना स्पष्ट दिसतात. टोपडे, स्वेटर, शाल यांसाठी फोर प्लाय लोकर आणि साडेतीन मिलिमीटरची सुई योग्य ठरते; त्यात फुलपाखरू सहा-सात सेंटीमीटरपर्यंत जाते.

चकचकीत रेशमी दोरा पाहताक्षणी मोहात पाडतो, पण मी सुरुवातीला तो वापरू नये असेच सांगेन. तो सुईवरून घसरतो, गाठ धरत नाही, आणि या फुलपाखराचा सगळा आकार शेवटी एका बांधणीवर अवलंबून असतो.

साखळी, मुका खांब, खांब, लांब खांब यांत फरक काय?

साखळी म्हणजे सुईवरच्या फासातून दोरा एकदा ओढून काढणे. मुका खांब विणताना सुईवर आधी वेढा घेत नाहीत. सुई घालून दोरा काढायचा आणि सुईवरच्या दोन फासांतून एकदम ओढायचा. खांबासाठी आधी एक वेढा घेऊन दोन-दोन फास दोनदा सोडवतात, लांब खांबासाठी आधी दोन वेढे घेऊन दोन-दोन फास तीनदा सोडवतात. स्लिप स्टिच ही केवळ जोडण्यासाठी किंवा पुढे सरकण्यासाठी असते, तिने उंची वाढत नाही.

इंग्रजीतील नमुने पाहून विणणाऱ्यांनी एक खबरदारी घ्यावी. आपला मुका खांब अमेरिकन नमुन्यात ‘सिंगल क्रोशे’ असतो, तर ब्रिटिश नमुन्यात तोच ‘डबल क्रोशे’ म्हणून येतो. पुढची सर्व नावेही अशीच एकेका पायरीने सरकलेली असतात. नमुना कोणत्या देशाचा आहे हे न पाहता विणायला घेतले तर पंख एक तर खुरटतात किंवा लोंबतात.

संपूर्ण कृती एकदा क्रमाने सांगाल का?

सहा साखळ्या घालून स्लिप स्टिचने त्यांचे कडे करावे. पुष्कळ जणी येथे सरकत्या दोऱ्याचे कडे करतात, कारण त्याने मधले छिद्र बंद होते. परंतु या फुलपाखराच्या मध्यावर शेवटी दोरा गुंडाळायचाच असल्यामुळे छिद्र दिसत नाही, आणि साखळीचे कडे कधी सुटत नाही.

पहिल्या फेरीत पाच साखळ्या घालाव्यात. त्यांतील पहिल्या तीन हा पहिला खांब आणि उरलेल्या दोन ही मोकळी जागा. नंतर कड्यात एक खांब आणि दोन साखळ्या असे सात वेळा विणून पाच साखळ्यांपैकी तिसऱ्या साखळीत जोडावे. आता आठ खांब आणि त्यांच्यामध्ये आठ घरे झाली. ही घरे मोजूनच पुढे जावे. सात किंवा नऊ झाली असतील तर फुलपाखराच्या दोन बाजू सारख्या होणारच नाहीत.

दुसऱ्या फेरीत प्रत्येक घरात एक पाकळी विणायची आहे, आणि खरी खुबी या फेरीत आहे. बहुतेक नमुन्यांत आठही पाकळ्या सारख्या असतात. अशी फुलपाखरे विणायला सोपी असतात, पण पूर्ण झाल्यावर ती गळ्यात बांधायच्या बो-टायसारखी दिसतात. खऱ्या फुलपाखराला चार पंख असतात, पुढची जोडी बहुधा मोठी आणि मागची लहान, आणि डोळा फुलपाखरू ओळखतो तो या प्रमाणावरून. म्हणून पाकळ्या दोन प्रकारच्या विणाव्यात. लहान पाकळीत एक मुका खांब, पाच खांब, एक मुका खांब असे सात टाके. मोठ्या पाकळीत एक मुका खांब, एक खांब, पाच लांब खांब, एक खांब, एक मुका खांब असे नऊ टाके. स्लिप स्टिचने पहिल्या घरात यावे, एक साखळी घालावी आणि या क्रमाने विणावे: लहान, मोठी, मोठी, लहान, लहान, मोठी, मोठी, लहान. शेवटी पहिल्या मुक्या खांबाला जोडून सुमारे दीड वीत दोरा ठेवून तोडावा आणि फासातून ओढून घ्यावा.

हा क्रम असाच ठेवण्याला कारण आहे. सुरुवात आणि शेवट दोन लहान पाकळ्यांच्या मध्ये येतात, आणि घडी घातल्यावर नेमकी तीच जागा शरीराच्या रेषेवर येते. त्यामुळे जोड झाकला जातो, आणि गुंडाळण्यासाठी लागणारे दोऱ्याचे टोक जेथे हवे तेथेच हाताशी असते. सुरुवात मोठ्या पाकळीपासून केली तर जोड पंखाच्या टोकाशी उघडा पडतो आणि टोक तेथून मध्यापर्यंत लपवत आणावे लागते.

विणून झाल्यावर तुकडा सपाट बसत नाही, कडा चुण्या पडल्यासारखी उचलते. चुकले का?

नाही, उलट असेच व्हायला हवे. गोलाच्या परिघावर मावतील त्याहून जास्त टाके घातले की विणकाम सपाट राहू शकत नाही, ते लाटांसारखे वर-खाली होते. डायना तैमिना या गणिताच्या अभ्यासक स्त्रीने १९९७ मध्ये याच गुणाचा उपयोग करून अतिपरवलयी (हायपरबोलिक) म्हणजे कडेकडे लाटांसारखे पसरत जाणारे पृष्ठभाग क्रोशाने विणून दाखवले, जे कागदावर नीट दाखवता येत नव्हते. आपल्या फुलपाखरात या लाटेमुळे पंखांना उभारी येते. तुकडा वाटीसारखा आत वळत असेल तर मात्र हात घट्ट चालला आहे. सुई पाव मिलिमीटरने मोठी घ्यावी. मला क्रोशा शिकवणारी आत्या एकच वाक्य पुनःपुन्हा म्हणायची, “दोरा ओढू नकोस गं, त्याला येऊ दे.” लांब खांब विणताना त्याचा अर्थ कळतो, कारण पहिला फास सैल आणि उंच काढला तरच खांब उंच होतो.

घडी आणि मधली बांधणी कशी करावी?

तुकडा पालथा, म्हणजे उलटी बाजू वर येईल असा ठेवून दोन मोठ्या पाकळ्यांच्या मधून समोरच्या दोन मोठ्या पाकळ्यांच्या मधपर्यंत आडवी घडी घालावी. घडी बरोबर मध्यावर न घालता दोन-तीन मिलिमीटर बाजूला घालावी, म्हणजे मागचा थर पुढच्या थराखालून काठासारखा डोकावतो. दोन्ही थर काटेकोर जुळवले तर मागच्या चार पाकळ्या दिसतच नाहीत आणि केलेल्या कष्टांपैकी निम्मे झाकून जातात.

आता लांब ठेवलेले टोक सुईत ओवून मागच्या बाजूला आणावे, घडीच्या वरच्या कडेवरून पुढे घ्यावे आणि खालच्या दोन लहान पाकळ्यांच्या खाचेतून पुन्हा मागे न्यावे. असे चार-पाच वेढे द्यावेत. पहिला वेढा अंगठ्याने दाबून धरून शक्य तितका आवळावा, बाकीचे त्याच्या शेजारी नीट बसवावेत, एकावर एक चढू देऊ नयेत. पहिला वेढा आवळला जातो त्या क्षणी हातातल्या अर्ध्या चकतीचे फुलपाखरू होते: वरची सरळ कड मध्ये दबते, मोठ्या पाकळ्या बाहेर आणि वर जातात, लहान पाकळ्या खाली उमलतात. तो क्षण मी शेकडो वेळा पाहिला आहे आणि अजूनही तेथे जरा थांबते. वेढे सैल राहिले तर पहिल्या धुण्यातच पंख खाली पडतात. म्हणून शेवटी मागच्या बाजूला सर्व वेढ्यांखालून दोनदा टाका घेऊन गाठ मारावी.

शरीर वेगळ्या रंगाचे हवे असेल तर मूळ दोऱ्याचे दोन वेढे देऊन आकार पक्का करावा आणि त्यावर दुसऱ्या रंगाचा दोरा गुंडाळावा.

मिशा कशाच्या कराव्यात?

शरीराच्या वरच्या वेढ्याखालून एक दोरा ओवून दोन्ही टोके सारखी करावीत, बुडाशी एक गाठ मारावी, मग प्रत्येक टोकाला दीड सेंटीमीटरवर एकेक गाठ मारून उरलेला दोरा कापावा. गाठीवर फेविकॉलचा अगदी बारीक थेंब लावला की ती सुटत नाही. तो वाळल्यावर पारदर्शक होतो. फुलपाखराच्या मिशांच्या टोकाला बोंडासारखा फुगवटा असतोच, त्यामुळे ही गाठ शोभते. तारेच्या मिशा करू नयेत. तार गंजते, कापडाला अडकते आणि गळ्याजवळच्या फुलपाखरात टोचते.

रंग कसे निवडावेत?

येथे माझे मत स्पष्ट आहे: एकदा तरी खरे फुलपाखरू समोर ठेवून विणावे. बाजारात गुलाबी-जांभळ्या फुलपाखरांची रेलचेल आहे, आणि त्यांत वाईट काही नाही, पण आपल्या अंगणात येणाऱ्या फुलपाखरांचे रंग कोणत्याही रंगतक्त्यापेक्षा जास्त विचारपूर्वक मांडलेले असतात.

मी सर्वांत जास्त विणते ते ‘हळदीकुंकू’. इंग्रजीत त्याला कॉमन जेझेबेल म्हणतात. पंख मिटून बसले की त्याच्या मागच्या पंखांची खालची बाजू दिसते, ती हळदीसारखी पिवळी, काळ्या शिरांनी आखलेली आणि कडेने लाल ठिपक्यांची ओळ असलेली. पुढचे पंख पांढरे, काळ्या शिरांचे. हे नाव ठेवणाऱ्याने फुलपाखरू किती निरखून पाहिले असेल! आपल्या कृतीत मागचे पंख म्हणजे लहान पाकळ्या आणि पुढचे म्हणजे मोठ्या पाकळ्या, त्यामुळे रंगांची वाटणी आपोआप जमते. कडे, पहिली फेरी आणि लहान पाकळ्या पिवळ्या दोऱ्याने, मोठ्या पाकळ्या पांढऱ्या दोऱ्याने विणाव्यात. एक रंग चालू असताना दुसरा दोरा टाक्यांच्या आत धरून पुढे न्यावा, प्रत्येक पाकळीला तोडू नये. रंग बदलताना आधीच्या पाकळीच्या शेवटच्या मुक्या खांबाचे शेवटचे दोन फास नव्या रंगाने सोडवावेत, म्हणजे सीमारेषा स्वच्छ येते.

घडी घालण्याआधीच भरतकाम उरकावे. काळ्या शिवणदोऱ्याचा एकच पदर घेऊन प्रत्येक पाकळीवर मध्यापासून कडेपर्यंत तीन सरळ टाके घालावेत. मग लहान पाकळ्यांच्या कडेला लाल दोऱ्याच्या तीन-तीन गाठी घालाव्यात. गाठीसाठी सुईला दोरा दोनदा गुंडाळून, जेथून सुई वर आली त्याच्या अगदी शेजारी पण वेगळ्या जागी ती खाली न्यावी. त्याच छिद्रातून नेली तर गाठ मागे निसटते. शरीर आणि मिशा काळ्या. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या हळदीकुंकवात वाण म्हणून या फुलपाखराची पिन दिली आणि सोबत चिठ्ठीवर त्याचे नाव लिहिले, तर घेणाऱ्या सुवासिनींच्या चेहऱ्यावर जे हसू येते ते पाहण्यासारखे असते.

दुसरे विणावेसे ‘नीलवंत’, म्हणजेच राणी पाकोळी. २०१५ मध्ये ते महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर झाले. मोठ्या पाकळ्या काळ्या, लहान पाकळ्या फिकट निळ्या आणि त्यांवर काळे ठिपके. काळ्या दोऱ्यावर टाके दिसत नाहीत, म्हणून हे काम दिवसाउजेडी, मांडीवर पांढरा कपडा पसरून करावे.

रंग जातो का, हे आधी कसे ओळखावे?

लाल, काळा, गडद निळा आणि गडद हिरवा हे दोरे तपासल्याशिवाय वापरूच नयेत. वीतभर दोरा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या सुती कापडात दुमडावा आणि त्यावरून गरम इस्त्री फिरवावी. कापडावर डाग उतरला तर तो दोरा न धुतल्या जाणाऱ्या वस्तूसाठी ठेवावा. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो असे घरोघरी सांगितले जाते, पण त्याची खात्री देता येत नाही. एका वर्षी वाणासाठी मी हळदीकुंकवाची दोन डझन फुलपाखरे विणली, लाल दोरा न तपासता वापरला आणि खळ करण्यासाठी सगळी एकदम भिजवली. पिवळ्या पंखांवर गुलाबी ओघळ उतरले ते काही केल्या निघाले नाहीत. दहा मिनिटांच्या तपासणीचा मी कंटाळा केला होता आणि तीन आठवड्यांचे काम गेले.

पंख ताठ राहण्यासाठी काय करावे?

साबुदाण्याची खळ. एक चमचा साबुदाणा एक कप पाण्यात पूर्ण पारदर्शक होईपर्यंत शिजवून तलम कापडातून गाळावा, कोमट असताना फुलपाखरू त्यात बुडवून हलके दाबून काढावे. थर्मोकोलच्या तुकड्यावर प्लास्टिक पसरून, पंख हवे तसे ओढून टाचण्या लावाव्यात आणि सावलीत पूर्ण वाळू द्यावे. टाचण्या न गंजणाऱ्याच हव्यात, कारण ओल्या सुती दोऱ्यावर पडलेला गंजाचा डाग कायमचा राहतो. साखरेच्या पाकाने अधिक ताठपणा येतो, पण त्याला मुंग्या लागतात. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात कोणतीही खळ मऊ पडते आणि तिला बुरशी धरू शकते, म्हणून जून ते सप्टेंबर खळ न करता, फक्त ओलसर कापडाखाली इस्त्रीची वाफ देऊन काम भागवावे.

कापडावर कसे लावावे?

फक्त शरीर टाचावे, पंख मोकळे सोडावेत. पंखांच्या कडा टाचल्या की फुलपाखराची ठिगळासारखी दशा होते. शरीराच्या दोन्ही बाजूंनी, वेढ्यांच्या खालून, चार-पाच बारीक टाके पुरतात. शिफॉन, जॉर्जेट यांसारख्या झिरझिरीत कापडाच्या मागे त्याच रंगाच्या कापडाचा नखाएवढा तुकडा धरून दोन्हींतून टाके घ्यावेत, नाहीतर वजनाने कापड फाटते. पैठणीवर किंवा जुन्या जरीच्या साडीवर सुई चालवू नये. तेथे फुलपाखराच्या मागे पिन शिवून ते ब्रोचसारखे लावावे.

बाळाच्या कपड्यांवर लावले तर चालते का?

चालते, पण वेगळ्या रीतीने. बाळंतविड्यातल्या झबल्या-टोपड्यांसाठी मणी, टिकल्या आणि मोकळ्या मिशा पूर्ण टाळाव्यात. मूल हाताला येईल ते तोंडात घालते, आणि सुटा मणी घशात अडकू शकतो. लांब मोकळा दोरा इवल्या बोटाभोवती गुंडाळला जाऊ शकतो. मिशा टोपड्याच्या कापडावरच भरतकामाने काढाव्यात. येथे पंखांच्या कडाही टाचाव्यात, सौंदर्य थोडे कमी झाले तरी चालेल. खळ अजिबात करू नये. आणि लावल्यावर फुलपाखरू चिमटीत धरून जोराने ओढून पाहावे. ते किंचितही हलले तर पुन्हा शिवावे.

बाजारात क्रोशाची लेस स्वस्त मिळते. मग हाताने का विणावे?

खरा क्रोशा यंत्रावर होत नाही. स्वस्त मिळते ती क्रोशासारखी दिसणारी यंत्रावरची लेस असते. जेथे एखादी वस्तू हाताने विणलेली आणि तरीही फारच स्वस्त दिसते, तेथे विणणाऱ्या बाईला काय मिळाले असेल याचा विचार जरूर करावा.

वाणासाठी पन्नास फुलपाखरे करायची आहेत. वेळेचा आणि दोऱ्याचा अंदाज कसा बांधावा?

एक फुलपाखरू घड्याळ लावून पूर्ण करावे, मग दुसरे विणून ते घडी घालण्याआधी उसवून दोरा मोजावा. प्रत्येकीचा हात वेगळा असतो, त्यामुळे दुसऱ्या कोणाचे माप आपल्याला लागू पडत नाही. त्या मापात गुंडाळण्याचे टोक धरून दहावा हिस्सा अधिक मिळवावा. सर्व दोरा एकाच वेळी, गुंडीवरचा रंगाचा लॉट क्रमांक एकच आहे हे पाहून घ्यावा. तोच रंग दुसऱ्या लॉटमध्ये किंचित वेगळा निघतो आणि शेजारी ठेवल्यावर ते दिसते. आधी सर्व तुकडे विणून घ्यावेत, मग एका बैठकीत सर्वांवर भरतकाम आणि दुसऱ्या बैठकीत सर्वांची बांधणी करावी. एका दमात बांधलेल्या फुलपाखरांचे आवळणे सारखे येते.

धुवावे कसे आणि ठेवावे कसे?

थंड पाण्यात सौम्य साबण मिसळून हातानेच धुवावे, पिळू नये, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढावे. पंख बोटांनी पसरून सावलीत उताणे वाळवावे. सुती फुलपाखरे ठेवताना खळ धुऊन टाकावी, कारण खळीच्या कपड्यांकडे कसर आणि झुरळे येतात. मग जुन्या मऊ सुती कापडात एकावर एक न रचता गुंडाळून ठेवावीत. लोकरीच्या फुलपाखरांसोबत कडुलिंबाची पूर्ण वाळलेली पाने ठेवावीत. ओलसर पाने ठेवली तर त्यांचा हिरवट डाग पडतो.